राखून ठेवलेली वीज

गाडीचं नाव 'सुगरण' ठेवलं तेव्हा अख्ख्या मेकॅनिकल विभागानं पोट धरधरून हसून घेतलं. स्पर्धेच्या गाडीला लोक 'वादळ' म्हणतात, 'चित्ता' म्हणतात. हिला काय भाकऱ्या थापायच्या होत्या? पण टीमचा कप्तान अभिनंदन मगदूम एकदा बोलला की ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही. त्याचं म्हणणं असं, की ही गाडी पळण्यासाठी नाहीच, पुरवण्यासाठी आहे. स्पर्धेत सगळ्यांना सारखंच पेट्रोल आणि सारखीच वीज मिळणार; त्यात जी सगळ्यांत लांब जाईल ती जिंकली. पसाभर तांदळात पंगत उठवते ती सुगरण, झालं तर मग.

कोल्हापूरच्या त्या कॉलेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरांनी दोन वर्षं घाम गाळून ही गाडी उभी केली होती. पेट्रोल तेव्हा इतकं महागलं होतं, की लग्नाच्या वरातीसुद्धा विजेच्या गाडीवर निघायला लागल्या होत्या. पण घाटातल्या गावांचं नुसत्या विजेवर भागत नव्हतं. मोठमोठ्या कंपन्या शहराकडे तोंड करून बसलेल्या. घाटात चालेल, परवडेल अशी हायब्रिड गाडी हवी होती आणि ती कॉलेजच्या पोरांकडून मागवायची, म्हणून ही स्पर्धा. यंदाची अंतिम फेरी ट्रॅकवर नव्हती. कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्यानं आंबा घाटाच्या दिशेनं, खऱ्या रस्त्यावर, खऱ्या म्हशी आडव्या येत असताना गाडी चालवून दाखवायची होती.

ती चालवणार होती देवयानी चौगुले. टीममधली एकुलती एक मुलगी, आणि चालवायला मिळावं म्हणून आठ पोरांना चाचणीत मागं टाकून त्या सीटवर बसलेली. तिचे वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. ते गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती, पण क्लच कसा सोडावा हे तोवर तिला त्यांच्या मांडीवर बसून कळून चुकलं होतं. ती सीट म्हणजे तिला मिळालेली पहिली अशी गोष्ट होती, जी कुणी दया करून दिलेली नव्हती. काकांच्या घरी वाढलेल्या मुलीला हा फरक बरोबर कळतो.

आता या गाडीत विशेष काय होतं ते थोडक्यात सांगायला हवं. हायब्रिड गाडीत इंजिन आणि मोटर अशी दोघं एकाच घरात नांदतात. इंजिन पेट्रोल पितं. मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालताना ते गुणी असतं, चढाला आणि गर्दीत मात्र उधळं होतं. मोटर नेमकी तिथंच कामाची. शिवाय उतारावर ब्रेक लावला की चाकांचा जोर वाया न जाता वीज बनून बॅटरीत परत येतो. म्हणून पुढं चढ असेल तर वीज राखून ठेवायची, उतार असेल तर आधीच खर्च करून बॅटरीत जागा करायची. उद्या पाहुणे येणार असले तर बाई दूध राखून ठेवते, तसंच हे.

अडचण एवढीच, की पाहुणे येणार हे आधी कळावं लागतं. नकाशात सगळे चढउतार असतात, पण माणूस कुठं निघालाय हे नकाशाला कोण सांगणार? आपल्याकडे 'जरा आलोच' म्हणून निघालेला माणूस चार घरी चहा पिऊन येतो. यावर टीममधल्या सोहेल मुजावरनं तोड काढली. माणसाच्या मनात वळायचं आलं, की तोंडातून शब्द निघायच्या कितीतरी आधी त्याचे स्नायू तयारीला लागतात. तळव्याचा भार किंचित सरकतो, स्टिअरिंगवरची बोटं आवळतात. माणसाला स्वतःलाही त्याचा पत्ता नसतो. सोहेलनं पेडलवर आणि स्टिअरिंगवर कागदासारखी पातळ पट्टी चिकटवली, जी हा भार मोजायची, आणि त्यावरून पुढचा रस्ता ओळखणारी एक प्रणाली लिहिली. तिला ते सगळे 'अंदाज' म्हणत.

अंदाजला शिकवायला देवयानीचं पाऊल निवडलं, कारण तिच्याइतकं स्वच्छ पाऊल कुणाचं नव्हतं. पोरं पेडलवर नाचायची. ही नुसती पाय ठेवायची. अंदाज इतका पटापट शिकला, की पोरं खुळी झाली. मग त्या आनंदात त्यांनी एक आगाऊपणा केला. नकाशा आणि पाऊल यांच्यात वाद झाला तर पावलाचं खरं धर, असं त्यांनी अंदाजला सांगून टाकलं. रस्ता फसवेल, माणूस फसवणार नाही, असं अभिनंदन छाती काढून म्हणाला होता. एकाच माणसाच्या पावलावर एवढा भरवसा टाकताना त्या माणसाला कुणी काही विचारलं नाही.

आणि मग सुगरण कंजूष झाली.

सरावाला रत्नागिरी रस्त्यानं निघालं, की केर्ली गाव ओलांडल्यावर गाडी हात आखडता घ्यायची. गर्दीत, जिथं वीज वापरायची तिथंच वापरायची नाही. इंजिन बिचारं धापा टाकत पेट्रोल पीत राही. करंजमाळ फाटा मागं पडला की दोन-तीन मैलांनी तिचा हात मोकळा व्हायचा, पण तोवर नुकसान होऊन गेलेलं. शेवटी हिशेब केला की पेट्रोल संपलेलं आणि बॅटरीत वीज शिल्लक. पोरांनी बॅटरीचे सेल बदलले, पट्ट्या बदलल्या, वायरिंग उचकटून परत केलं. अभिनंदननं तर एका रविवारी नारळही फोडला. गाडी ढिम्म.

शेवटी सोहेल लॅपटॉप घेऊन देवयानीच्या शेजारी बसला. सकाळची वेळ, दोन्हीकडे उसाला तुरे आलेले. केर्ली गेली आणि पुढं किती चढ लागणार याचा अंदाजचा हिशेब दाखवणारी पडद्यावरची रेघ वर चढायला लागली.

"देवा, काही करायलीस तू?" त्यानं विचारलं. टीममध्ये तिला सगळे देवा म्हणत.

"गाडी चालवायलोय की आपण," ती म्हणाली.

फाटा आला. सरळ रस्ता रत्नागिरीकडे, डावीकडचा अरुंद रस्ता करंजमाळच्या डोंगरावर. देवयानी सरळ गेली. रेघ आणखी थोडी चढली, थांबली आणि मग हताश झाल्यासारखी खाली आली. सोहेलनं गाडी कडेला घ्यायला लावली.

"गाडीत काही बिघाड नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "तिला वाटतंय तू डावीकडं वळणार. घाट चढणार, म्हणून वीज राखून ठेवती. दरवेळी."

"मी एकदाही वळले नाही."

"म्हणून तर कोडं पडलं. मी तुझी बाकीची सगळी वळणं काढून बघितली. वळायच्या आधी तुझं पाऊल जसं होतं, तसंच इथं होतं. उलट इथं जास्त. इथं ती कितीदाही फसू दे, बाकी सगळीकडं तेच पाऊल खरं ठरतंय, म्हणून ती शिकंना झालीय." त्यानं डोंगराकडं मान केली. "काय हाय गं वर?"

देवयानीनं खिडकीबाहेर बघितलं. "आई," ती म्हणाली, आणि मग सोहेलवरच खेकसली, "आणि तुझ्या त्या पट्टीला सांग, लोकांच्या घरात डोकावायचं काम नाही तिचं."

वर आई होती, हे खरं होतं. वडील गेल्यावर दोन वर्षांनी आईच्या माहेरच्यांनी तिचं दुसरं लग्न ठरवलं, करंजमाळच्या शाळेतल्या पोवार गुरुजींशी. सोप्यात बैठक बसली. पाच-सहा मोठी माणसं, मधे दहा वर्षांची देवयानी. 'पोरीलाच विचारा,' असं कुणीतरी शहाणपणानं म्हणालं. 'कुणाकडं राहणार बाळ? बोट दाखव.' देवयानीनं काकांकडे बोट दाखवलं. तिचा हिशेब साधा होता. आपण इथंच राहतो म्हटलं, की आईला जाताच येणार नाही. पोराला टाकून आई कुठं जाते का? सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि आठवड्याभरात आई गेली.

तो हिशेब चुकला हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आई सणासुदीला फोन करायची. 'जेवलीस काय?' 'जेवले.' 'अभ्यास?' 'चाललाय.' सुरुवातीला आई 'ये की गं' म्हणायची. मग नकार ऐकून ऐकून तिनं ते म्हणायचं सोडलं. काका-काकूंनी काही कमी केलं नाही, पण ताप आला की देवयानी उशीत तोंड खुपसून ज्या नावानं हाक मारायची, ते काकूचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, की फाट्यावर पाऊल हलू द्यायचं नाही. केर्ली आली तशी ती दात-ओठ खाऊन बसली. पिंडरीला गोळा येईपर्यंत पाय घट्ट धरला. त्या दिवशी रेघ खरंच खाली राहिली. टीमनं टाळ्या पिटल्या. पण पुढच्या दोन-चार फेऱ्यांत अंदाजनं तेही शिकून घेतलं. देवयानीचा पाय असा दगडासारखा झाला, की समजायचं हिच्या मनात आलं. पुन्हा वीज राखायला सुरुवात. हे कळल्यावर देवयानी शेडमागं जाऊन बराच वेळ नळाखाली तोंड धूत बसली.

एव्हाना सगळ्या टीमला सगळं कळलं होतं. पडद्यावर रेघ दिसते म्हटल्यावर झाकून ठेवणार काय? एका कंपनीचे दोघं साहेब अंदाज बघायला आले, त्यांनाही कुणीतरी उत्साहानं तो आलेख दाखवला. "माणसाला काय हवंय ते त्याच्या आधी आपल्याला कळणार! सोनं आहे हे," एक साहेब म्हणाले. देवयानी तिथंच स्पॅनर पुसत उभी होती. आपलं मन भर चौकात वाळत घातल्यासारखं तिला झालं.

अभिनंदन रागीट असला तरी वाईट नव्हता. त्यानं तिला बाजूला घेतलं.

"हे बघ देवा, शुक्रवारी स्पर्धा. एक तर तुझं शिकवलेलं पुसून दुसरा माणूस बसवायचा, नाहीतर तू एकदा वर जाऊन यायचं. पोटभर जेवलं की भूक जाती का नाही? जाऊन ये, रड, भांड, काय करायचं ते कर. मोकळी हो. मग सीट तुझीच."

"आणि नाही गेले तर?"

"तर मी बसतो. मला आनंद नाही त्यात."

ती सीटसाठी निघाली. निदान स्वतःला तिनं तसंच सांगितलं. सुगरण न घेता ती एसटीनं गेली; गाडीत बसून गेलं असतं तर सगळ्यांनी परत रेघ बघितली असती. घाटात एसटी कण्हत चढली. आईच्या घराची वाट विचारावी लागली, याचं तिला फार वाईट वाटलं.

आई अंगणात सांडगे घालत होती. खाटेवर पांढरं धोतर अंथरलेलं, हात कोपरापर्यंत डाळीच्या पिठानं भरलेले. तिनं मान वर केली आणि तशीच उठली. जवळ आली, पण हात भरलेले म्हणून दोन्ही हात बाजूला धरून नुसती उभी राहिली. अकरा वर्षांत केस बरेच पांढरे झाले होते.

"कशी आलीस?"

"एसटीनं."

"जेवलीस काय?"

"न्हाई."

आईनं हात धुतले नाहीत. बहुतेक सुचलंच नाही. दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसल्या आणि आई परत सांडगे तोडायला लागली. थोड्या वेळानं देवयानीनंही परातीत हात घातला. तिचे सांडगे फार मोठे पडत होते. आई ते निम्मे करत होती.

"तुला त्या दिवशी विचारलं सगळ्यांनी," आई खाली मान घालूनच म्हणाली. "तू काकाकडं बोट केलंस."

"व्हय."

"मला वाटलं, मी दुसरं लगीन करते म्हणून तुला माझी किळस आली. पोरीला आपण नको झालोय, तर कुठल्या तोंडानं ओढून न्यायची? म्हणून गप निघाले बघ."

देवयानीनं हातातलं पीठ परातीत टाकलं. "मला वाटलं, मी तिकडं राहते म्हटल्यावर तू जाणारच न्हाईस."

आईचे हात थांबले. मग त्या बाईनं पिठाचे हात तसेच लेकीच्या तोंडावर ठेवले आणि जी रडायला लागली, ती काही केल्या थांबेना. शाळेतून आलेले पोवार गुरुजी फाटकातूनच मागं वळले आणि बराच वेळ रस्त्यावर येरझाऱ्या घालत राहिले. भला माणूस होता.

पण शेवटची एसटी चारला होती. जेवण झालं, आणि अकरा वर्षांतलं काही बोलणं व्हायच्या आतच निघायची वेळ झाली. आईला विचारायचं होतं, हिला अजून पोह्यांत शेंगदाणे आवडत नाहीत काय. देवयानीला विचारायचं होतं, रात्री झोपताना तुला माझी आठवण यायची काय. दोघींनीही विचारलं नाही. आई थांब्यापर्यंत आली आणि एसटी वळेपर्यंत पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

दोन दिवसांनी स्पर्धेआधीची शेवटची सरावफेरी होती. पुढं देवयानी, शेजारी सोहेल, मागं अभिनंदन. देवयानीचा चेहरा निवळलेला बघून अभिनंदन खूश होता. त्यानं येताना पेढे आणले होते.

शहराबाहेर पडून दहा मिनिटं झाली असतील-नसतील, सोहेल पुटपुटला, "सुरू झालं."

"काय सुरू झालं? केर्ली तरी येऊ दे की," अभिनंदन पुढं वाकला.

"तेच म्हणतोय. केर्ली आली न्हाई अजून."

रेघ चढत होती. पूर्वी गाडी केर्लीनंतर वीज राखायला लागायची. आज कोल्हापूरची शेवटची घरं दिसत असतानाच तिनं मूठ आवळली होती. आणि रेघ पूर्वीपेक्षा कितीतरी वर गेली.

"आयला, हे तर वाढलं!" अभिनंदन ओरडला. "जाऊन आली ना ही?"

"जाऊन आली म्हणूनच," सोहेल म्हणाला. "आधी तिला नुसतं जावंसं वाटत होतं. आता कुठं जायचं तेही ठाऊक झालं."

देवयानीला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले, तिनं मनगटानं पुसले. इतके दिवस ती त्या पट्टीला शिव्या घालत होती. आज तिला वाटलं, की आपल्याला खरं बोलायला जमलं नाही, ते बिचारं यंत्र आपल्या वतीनं बोलत होतं. त्याचंही कुणी ऐकलं नाही.

"अभी, मला आईकडं जायचंय," ती म्हणाली. "परवा जाऊन आले तरी जायचंय. उद्याही वाटणार. हे काय एका जेवणानं भागायचं नाही रे."

तिनं आरशातून मागं अभिनंदनकडं बघितलं.

"माझं शिकवलेलं पुसा. शुक्रवारी तू चालव."

"दोन वर्षं घासलीस त्या सीटसाठी," अभिनंदन म्हणाला. त्याचा आवाज पार उतरला होता. "आणि माझं पाऊल तुझ्यासारखं न्हाई. हरू कदाचित."

"हरू. पण ह्या रस्त्यावर मी बसले तर नक्की हरू. तू सरळ जाशील."

"वाईट वाटंल तुला."

"वाटतंयच की," ती म्हणाली. "लई वाटतंय."

फाटा दिसायला लागला. तिथल्या टपरीवर कुणीतरी ऊस उतरवत होतं. देवयानीनं पाय आवळला नाही, आवरला नाही, जसा होता तसा राहू दिला. सोहेलनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मागं अभिनंदनकडे. अभिनंदननं पेढ्यांचा पुडा मांडीवर घट्ट धरला आणि म्हणाला, "बघतोस काय? वळू दे की तिला. राखलेली वीज वाया घालवणार काय?"

तिनं डावीकडचा दिवा लावला.

चढ लागला तसं इंजिन आपणहून बंद झालं. इतके दिवस साठवून साठवून वाया गेलेली वीज आज पहिल्यांदा कामाला आली, आणि सुगरण एवढाही आवाज न करता घाट चढायला लागली. पडद्यावर अंदाजची रेघ आणि रस्त्याच्या खऱ्या चढाची रेघ एकमेकींवर अशा बसल्या, की एकच दिसत होती. सोहेलनं थोडा वेळ ते बघितलं आणि मग लॅपटॉप मिटून टाकला.

वाडीत शिरल्यावर देवयानीनं ब्रेककडे पाय नेलाही नव्हता, तोवर गाडी हळू व्हायला लागली. अंगणात सांडगे वाळत होते. आई रस्त्याकडे पाठ करून बसली होती. गाडीला आवाज नव्हता, कुणी हाक मारली नव्हती, तरी ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि फाटकाकडे वळली.